दहावीचा सत्कार आणि संत बर्णबा



जून लागला. बेळगावात पावसाची भुरभुर सुरू झाली, कपाटातल्या छत्र्या बाहेर निघाल्या, शाळांच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. दहावी पास झालेली आपली मुलं मार्कलिस्टच्या झेरॉक्स घेऊन पीयूसीच्या प्रवेशासाठी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात फिरत आहेत. याच महिन्याच्या 11 तारखेला ख्रिस्तसभा संत बर्णबाचा स्मरणदिन पाळते. दहावीचा निकाल आणि संत बर्णबा या दोन गोष्टी आम्ही आजवर कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीमुळे पाहाव्या लागल्या.

आमच्या धर्मग्रामात निकाल लागल्यानंतरच्या एका रविवारी, मिस्साच्या शेवटी, दहावी झालेल्या मुलामुलींचा सत्कार होतो. फार मोठा थाट नसतो. फादर एकेकाचं नाव पुकारतात, मूल वेदीसमोर येतं, त्याला गुलाबाचं फूल आणि पेन मिळतं, सगळे टाळ्या वाजवतात. नंतर आवारात चहा आणि कुंदा. नावांची यादी करायचं काम आम्हा धर्मशिक्षकांकडे असतं. गेल्या वर्षी आम्ही ती शाळेच्या निकालावरून उतरवली. जी मुलं पास, त्यांची नावं यादीत.

त्या दिवशी वेदीसेवकांपैकी एक मुलगा गुलाबांचं ताट धरून फादरांच्या शेजारी उभा होता. नाव पुकारलं की तो ताट पुढे करायचा. त्याचे वर्गमित्र एकामागून एक येत होते, फूल उचलत होते. शेवटचं नाव झालं, टाळ्या थांबल्या, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की हासुद्धा यंदा दहावीलाच होता. गणितात राहिला होता. पहिल्या पवित्र भोजनासाठी त्याला आम्हीच तयार केलं होतं, तीन वर्षं तो रविवारच्या वर्गाला एकदाही चुकला नव्हता, आणि त्याच्याच हाती आम्ही ते ताट दिलं होतं. त्याने ताट खाली ठेवलं, सॅक्रिस्टीत जाऊन झगा उतरवला आणि कुंदा न खाताच घरी गेला. त्याची आई आम्हाला भेटली तेव्हा ती काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी वर्ग किती वाजता आहे, एवढंच तिने विचारलं.

कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण आम्हाला चैन पडेना. आपण हा सत्कार नेमका कशाचा करतो, हा प्रश्न मनात राहिला. गुण द्यायचं काम बोर्डाचं आहे आणि ते बोर्ड करतंच. मग देवळात, वेदीसमोर, आपण काय साजरं करतो? उत्तर शोधायला आम्ही थोडं मागे गेलो, आपल्या शाळांच्या इतिहासात.

आपल्या गावाचंच पाहा. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जोसेफ टेलर बेळगावला आले. पुढे रेव्हरंड विल्यम बेनन यांनी इथेच दीर्घकाळ काम केलं आणि त्यांचं नाव बेननस्मिथ हायस्कूलच्या रूपाने आजही शहराच्या तोंडी आहे. 1856 साली कॅम्पात सेंट पॉल्स हायस्कूल उभं राहिलं, ते येशूसंघीय धर्मगुरूंचं. बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला तो 1953 साली. म्हणजे इथे धर्मप्रांत होण्याआधी जवळजवळ शंभर वर्षं शाळा होती. आपल्या पूर्वजांना बिशप मिळाले त्याच्या कितीतरी आधी फळा आणि खडू मिळाला होता.

या शाळांतून बाहेर पडणाऱ्यांच्या हातातला कागद मात्र बदलत गेला. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि 1859 साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘मॅट्रिक झाला’ म्हटलं की मुलीकडचे लोक स्थळ घेऊन येत. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि आपल्या वडिलांच्या पिढीपासून मॅट्रिकच्या जागी एसएसएलसी आली. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडून पाहा. एकाच कुटुंबात मुंबईचा कागद, म्हैसूरचा कागद आणि कर्नाटकाचा कागद एकावर एक ठेवलेले सापडतील. राज्यं बदलली, शिक्के बदलले. पण प्रत्येक कागदाच्या मागे एक गोष्ट असते जी त्यावर छापलेली नसते. या मुलाला शाळेत कुणी आणलं? आणि तो गळत असताना कुणी थांबवलं? याच दोन प्रश्नांसाठी आम्ही तीन माणसांची आठवण काढणार आहोत.

पहिली आठवण पुण्याच्या एका मुलाची. त्याचा जन्म 1827 सालचा. प्राथमिक शाळेत हुशार होता, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं लोकांनी वडिलांच्या मनात भरवलं. वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. आजच्या भाषेत तो शाळा गळालेला मुलगा. काही वर्षं अशीच गेली. दिवसभर काम करून तो रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसे. हे शेजारच्या दोघांनी पाहिलं. एक होते गफार बेग मुन्शी, फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. दोघांनी वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली आणि 1841 साली मुलगा पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. चौदा वर्षांचा, म्हणजे वर्गातल्या इतरांपेक्षा मोठाच. 1847 साली त्याचं तिथलं शिक्षण पुरं झालं.

तो मुलगा म्हणजे जोतीराव फुले. मिशनच्या शाळेतून बाहेर पडल्यावर पुढच्याच वर्षी, 1848 साली, त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सत्कार झाला तो नंतर, 16 नोव्हेंबर 1852 रोजी, विश्रामबागवाड्यात, मेजर कँडी यांच्या हस्ते. म्हणजे आधी काम, मग शाल. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या शाळेने बाप्तिस्म्यांचे आकडे तेवढे मोजले असते तर हे नाव त्यात आलं नसतं. पण त्या वर्गाच्या बाकावरून उठून एका तरुणाने हजारो घरांतल्या मुलींची वाट मोकळी केली. शाळेचं फळ शाळेच्याच टोपलीत पडलं पाहिजे असा हट्ट ख्रिस्ती माणसाने धरू नये. पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभू येशूही शेताची सीमा सांगत नाही.

दुसरी आठवण शिकवणाऱ्या एका बाईची. सिंथिया फरार 1827 साली अमेरिकेहून मुंबईला आल्या. लग्न न झालेल्या बाईला मिशनरी म्हणून इतक्या दूर पाठवायचं हे त्या काळी अमेरिकन मिशनलाही नवीन होतं. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा सांभाळल्या आणि 1839 साली त्या अहमदनगरला गेल्या. 1862 साली तिथेच वारल्या. पस्तीस वर्षं या देशात, आणि बहुतेक सगळी मुलींना अक्षरं गिरवायला शिकवण्यात गेली. त्यांच्या शाळेतल्या मुलींची लग्नं लहान वयात होत, अर्ध्यावर पाटी ठेवून त्या सासरी जात. फरारबाईंनी किती मुलींचा ‘सत्कार’ पाहिला असेल? जवळजवळ एकाही मुलीचा नाही. हायस्कूलपर्यंत पोचणारी मुलगी पाहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे धडे घेतले ते याच बाईंकडे, अहमदनगरला. आमच्यासारख्या रविवारच्या वर्गात पंधरा मुलांपुढे उभं राहणाऱ्यांना ही गोष्ट धीर देते. पिकाची कापणी दुसऱ्याच्या शेतात होते आणि ती पाहायला आपण असूच असं नाही.

तिसरी आठवण आपल्या गावाशी नातं असलेली. कॉर्नेलिया सोराबजी हिचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिकला झाला. लहानपणाचा पहिला काळ तिने इथे, बेळगावात काढला, मग कुटुंब पुण्याला गेलं. वडील सोराबजी खरशेटजी हे पारशी घरातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवलं. घरात मुलगी शिकणार की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न बाहेर होता.

कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजची पहिली विद्यार्थिनी झाली. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत ती तिथे सगळ्यांत वर आली. अशा विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. तिने पुढे लिहून ठेवलं आहे की ती शिष्यवृत्ती तिला नाकारली गेली, कारण ती बाई होती. काही काळ तिने गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं. इंग्लंडमधल्या काही लोकांपर्यंत तिची हकिगत पोचली. लेडी मेरी हॉबहाउस यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1889 साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोचली.

तिथे ती कायदा शिकली. 1892 साली विद्यापीठाने खास परवानगी दिली तेव्हा तिला बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेला बसता आलं. त्या परीक्षेला बसलेली ती पहिली स्त्री. ती पास झाली. पण पदवी? पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. 1920 साली नियम बदलला आणि 1922 साली कॉर्नेलियाने आपली पदवी घेतली. परीक्षा आणि पदवी यांच्यामध्ये तीस वर्षं. पंचविशीत पास झालेली बाई पंचावन्न वर्षांची होऊन पदवी घ्यायला उभी राहिली.

मधल्या तीस वर्षांत ती वाट पाहत बसली नाही. पडद्याआड राहणाऱ्या स्त्रियांना न्याय मिळत नव्हता, कारण परपुरुष वकिलासमोर त्या बोलू शकत नव्हत्या. इस्टेटी लुबाडल्या जात, पोरकी मुलं उघडी पडत. 1904 पासून कॉर्नेलियाने बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सल्लागार म्हणून अशा शेकडो बायका-मुलांचं काम पाहिलं. भारतात स्त्रियांना वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा 1923 साली झाला. त्याआधीच तिचं निम्मं आयुष्य त्या कामात खर्ची पडलं होतं. तिची राजकारणातली सगळी मतं आपल्याला पटणार नाहीत. पण ज्या दिवशी जगाने तिचं नाव पुकारलं नाही, त्या दिवशीही ती पासच होती, एवढं तरी आपल्या मुलींना सांगायला हवं.

आता या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. जोतीरावांसाठी दोन शेजारी वडिलांच्या दारात गेले. सावित्रीबाईंना एका परदेशी बाईने शिकवलं. कॉर्नेलियासाठी अनोळखी बायकांनी वर्गणी जमवली. हुशारी त्या तिघांची स्वतःची होती, कष्टही त्यांचेच. पण प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक क्षण आला जेव्हा दार बंद होतं आणि दुसरं कुणीतरी जाऊन ते ठोठावलं.

इथे आम्हाला संत बर्णबा आठवतो. प्रेषितांची कृत्ये वाचताना आपण पौलाच्या मागे इतके धावतो की बर्णबा हातून निसटतो. हा मूळचा योसेफ, सायप्रस बेटाचा, लेवी वंशाचा. प्रेषितांनीच त्याला बर्णबा हे नाव दिलं, धीर देणारा अशा अर्थाचं. पौलाचं मनपरिवर्तन झालं आणि तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला घाबरत होते. काल आपल्याला तुरुंगात टाकणारा आज शिष्य म्हणवतो, यावर विश्वास कुणी ठेवायचा? तेव्हा बर्णबाने त्याला बरोबर घेतलं, प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने बोलला. पुढे अंत्युखियाला माणूस हवा होता तेव्हा बर्णबा तार्सला जाऊन पौलाला शोधून घेऊन आला. कॅम्पातल्या शाळेला संत पौलाचं नाव आहे. पण बर्णबा नसता तर तो पौल यरुशलेमच्या दाराबाहेरच उभा राहिला असता.

आणखी एक प्रसंग आहे. तो आम्हाला गुलाबांच्या ताटापाशी परत घेऊन जातो. पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासात तरुण मार्क बरोबर होता. पंफुल्या प्रांतात पोचल्यावर मार्क अर्ध्यावर सोडून परत गेला. का गेला ते शास्त्रात सांगितलेलं नाही. दुसऱ्या प्रवासाची वेळ आली तेव्हा पौल म्हणाला, अर्ध्यावर सोडून जाणाऱ्याला बरोबर घ्यायचं नाही. बर्णबाने ऐकलं नाही. दोघांत कडाक्याचा वाद झाला. शेवटी पौल एका वाटेने गेला आणि बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला. दोन संत, आणि एका नापास झालेल्या मुलावरून फारकत! पुढे काय झालं? पौल म्हातारपणी तीमथ्याला लिहितो त्या पत्रात मार्कला घेऊन ये असं सांगतो, कारण त्याचा आपल्याला उपयोग आहे असं त्याला वाटतं. ख्रिस्तसभेची परंपरा सांगते की दुसरं शुभवर्तमान याच मार्काचं. बर्णबाने त्या दिवशी पौलाची यादी मान्य केली असती तर?

गेल्या वर्षी आम्ही पौलाची यादी केली होती. पौल वाईट नव्हता. काम मोठं होतं, कच्चा माणूस चालणार नव्हता. बोर्डालाही तसंच करावं लागतं, कॉलेजलाही. पण धर्मग्राम म्हणजे कॉलेजचं प्रवेशकार्यालय नव्हे. या मुलांना आपण बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नावाने हाक मारली आहे, दृढीकरणाच्या वेळी बिशपांनी नावाने हाक मारली आहे. तिथे कुणी टक्केवारी विचारली नव्हती.

म्हणून यंदा आम्ही धर्मगुरूंशी आणि पॅरिश कौन्सिलशी बोललो आणि बदल केला. यंदाचा सत्कार निकालाआधी घेतला, परीक्षा संपल्यावरच्या रविवारी. दहावीचं वर्ष पार केलेल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव पुकारलं. कुणाला किती मिळणार हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. एका आजोबांनी विचारलं, ‘‘निकालाआधी कसला सत्कार? मग अभ्यास करणाऱ्याला काय मिळालं?’’ त्यांचा प्रश्न खोटा नाही. मेहनतीचं कौतुक व्हायलाच हवं. पहिल्या आलेल्या मुलीचं शाळेत झालं, पेपरात नाव आलं, घरोघरी पेढे गेले, आम्हीही तिच्या घरी जाऊन आलो. पण वेदीसमोर आपण आभार मानतो ते देवाचे, आणि ते सगळ्या मुलांसाठी मानायचे असतात.

दुसरा बदल थोडा कठीण आहे आणि त्यात आम्हाला तुमची मदत हवी. प्रत्येक मुलामागे एक वर्ष एक मोठं माणूस उभं राहील, असं ठरलं आहे. बर्णबासारखं. काम मोठं नाही. पीयूसीचा फॉर्म भरताना बरोबर जायचं. एखादा विषय राहिला असेल तर पुढच्या परीक्षेचा अर्ज वेळेत गेला की नाही ते पाहायचं, शिकवणीला कुणी आहे का ते विचारायचं. आणि ज्या घरात ‘मुलीला आता बस झालं’ असं चाललं असेल तिथे दोघांनी मिळून चहाला जायचं, जसे मुन्शी आणि लिजिट गोविंदरावांकडे गेले होते. हे आपल्या घरांतही चालतं, हे आपण मान्य करू या. मिशन शाळांचा अभिमान सांगणाऱ्या आपल्याच वस्तीत अशा मुली आहेत ज्यांचं दहावीचं सर्टिफिकेट ट्रंकेत पडून आहे आणि त्या दुसऱ्याच्या घरची भांडी घासताहेत. आतापर्यंत अकरा जणांनी नाव दिलं आहे. मुलं एकोणीस आहेत. आठ बर्णबा अजून हवेत.

गेल्या वर्षी ताट धरलेल्या त्या मुलाने पुढच्या परीक्षेत गणित सोडवलं. आता तो आयटीआयला आहे. यंदाच्या सत्काराच्या दिवशी आम्ही त्याला वेदीसमोर बोलावलं आणि त्याचं राहिलेलं फूल दिलं. तो लाजला, फूल घेऊन थेट आईकडे गेला. नंतर आवारात कुंद्याच्या द्रोणांचं वाटप त्यानेच केलं, आणि शेवटचा द्रोण स्वतःसाठी राखून ठेवला होता.

दहावी झालेल्या आमच्या मुलामुलींनो, तुमच्या हातातला कागद जपून ठेवा. त्यामागे तुमचा अभ्यास आहे, आणि कुणीतरी ठोठावलेलं एक दारही आहे. आज घरी गेल्यावर ते दार कुणी ठोठावलं होतं ते आईला किंवा आजीला विचारा. पुढे एखादं मूल दाराबाहेर उभं दिसलं तर त्याला हाताला धरून आत घेऊन या.

हे प्रभू येशू, तू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकलंस आणि प्रश्न विचारलेस. आमच्या मुलांना ऐकण्याची नम्रता दे आणि विचारण्याचं धैर्य दे. जी पास झाली त्यांना गर्वापासून राख, जी राहिली त्यांना निराशेपासून राख. आम्हा मोठ्यांना संत बर्णबाचं मन दे. आमेन.